बाजाच्या घरट्याखालचा पाला

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका खूप असतील आणि अक्षर तर कोंबडीनं पाय ओढत नेल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मात्र सांगता येणार नाही, कारण हे मी कोणाला वाचायला देणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. आता लिहायला बसले ते एवढ्याचसाठी, की गेल्या उन्हाळ्यात मला जी भीती वाटली ती अजून अंगातून पुरती गेलेली नाही, आणि बोलून दाखवायची मला सवय नाही.

मी लोणावळ्यात एका बाईंच्या बंगल्यावर कामाला जाते. झाडू, फरशी, स्वयंपाक. आमची वस्ती डोंगराच्या खालच्या अंगाला आहे. पायवाटेनं रानातून वर चढलं की थेट बंगल्याच्या मागच्या फाटकाशी निघता येतं. बाई एकट्या राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुष्कळ वर्षं पक्ष्यांचे फोटो काढले, त्यातही शिकारी पक्ष्यांचे. घार, कापशी, शिक्रा, ससाणा. मग त्यांच्या डोळ्यांना आजार झाला. कडेकडेचं दिसतं, पण जिथं बघावं नेमका तिथंच काळा डाग येतो. मी समोर उभी राहिले तर त्यांना माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. मला ते बरं वाटतं. कोणी सरळ तोंडाकडे बघितलं की मला बोलायला सुचत नाही.

एकदा त्यांनी मला कपाटातून कॅमेरा काढायला लावला. लांब नळीचा, काळा, एका हातात न मावणारा.

"संध्याकाळी हा घरी न्यायचा आणि सकाळी येताना वाटेत जे दिसेल त्याचा फोटो काढायचा," त्या म्हणाल्या.

"मला न्हाई जमणार, बाई."

"मला तरी कुठं जमतंय आता."

 मी नेला. जुन्या लुगड्यात गुंडाळून, भाकरीच्या पिशवीत तळाशी ठेवून, वर डबा ठेवून. घरी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवला, तरी रात्री दोनदा उठून कुलूप ओढून बघितलं. पडला तर, भिजला तर, चोरीला गेला तर. पण या सगळ्याहून मोठी भीती वेगळीच होती. वाटेत कोणी अडवून विचारलं, हा कोणाचा कॅमेरा, तुझ्याकडे कसा, तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही आणि न बोलणारी बाई चोर ठरायला वेळ लागत नाही. रानातल्या बिबट्याची भीती मला लहानपणापासून आहे. पण बिबट्या प्रश्न विचारत नाही.

पहिले फोटो बाईंनी टीव्हीला वायर जोडून बघितले. त्या टीव्हीकडे पाठमोऱ्या होऊन, मान वळवून तिरकं बघतात, कोंबडी दाण्याकडे बघते तसं.

"फांदी छान आलीय," त्या म्हणाल्या. "पक्षी कुठंय?"

"उडून गेला."

"मग फांदीचं नाव सांगू का?"

हळूहळू जमलं. श्वास सोडताना बटण दाबायचं, पाठ झाडाला टेकवायची, पक्ष्याकडे सरळ चालत न जाता बाजूनं, आपण दुसरीकडेच निघालो आहोत असं दाखवत जायचं. हे शेवटचं मला शिकवावं लागलं नाही. मी माणसांतही तशीच वावरते.

ओळखायचं काम मात्र बोलून करावं लागे. बाईंना बारीक खुणा दिसत नसत, म्हणून त्या विचारत आणि मी टीव्हीजवळ उभी राहून सांगे. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी डोळा, मग गळा, मग पोट, शेपूट शेवटी. डोळ्याचा रंग कोणता, गळ्यावर मधोमध रेघ आहे का, पोटावर आडवे पट्टे आहेत की उभे फराटे. एकदा मी आनंदानं सांगितलं की शिक्रा मिळाला, राखी पाठ, पोटावर पट्टे, शेपटीवर पट्टे.

"चोच कशी आहे?"

"बारीक हाय. सरळ."

"आकड्यासारखी वाकलेली नाही?"

"न्हाई."

"पाय?"

"पाय... लय नाजूक हायेत."

बाई हसायला लागल्या. "अगं, हा पावशा आहे. शिक्र्याचे कपडे घालून फिरतो. पाखरं त्याला घाबरतात, तूही फसलीस."

होळीच्या आधीची गोष्ट. वाटेपासून आत ओढ्याच्या घळीत मला जमिनीवर शिटेचे पांढरे शिंतोडे दिसले, कोणी चुन्याचा हात झटकल्यासारखे. जवळ खारीची नुसती शेपटी पडली होती. मी वर बघितलं. खूप उंचावर, पानांच्या दाटीत काटक्यांचा ढीग होता आणि त्याच्या काठावरून एक डोळा माझ्याकडे बघत होता.  आजवर मी पक्ष्यांकडे बघितलं होतं, पण कोणत्या पक्ष्यानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

फोटो टीव्हीवर लावला तेव्हा बाईंनी नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली.

"डोळा?"

"पिवळा. जरा नारिंगीकडं."

"गळा?"

"पांढरा. मधे काळी रेघ, ठळक."

"छाती?"

"उभे तपकिरी फराटे. खाली पोटावर आडवे, जाड."

"पाय?"

"आखूड आन् जाड. लय जोराचे वाटतात."

त्या खुर्चीत पुढं सरकल्या. मग हळूच विचारलं, "डोक्याच्या मागं काही दिसतंय का? केस उभे राहिल्यासारखं?"

मी टीव्हीला नाक लावून बघितलं. होतं. छोटी शेंडी, वाऱ्यानं उचलल्यासारखी.

बाई खुर्चीतून उठल्या. तो तुरेवाला बाज होता. शिक्र्याचाच मोठा भाऊबंद म्हणा, पण दाट झाडीतला, सहसा नजरेला न पडणारा. त्यांनी इतक्या वर्षांत तो उडताना बघितला होता, घरटं कधी नाही. "कोणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "घरटं दाखवणं म्हणजे घराची किल्ली देणं." मी मान हलवली. न सांगणं हे एकच काम मला जन्मजात येतं.

पण मी एक केलं. टीव्हीवरचा तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये टिपून घेतला. मी आयुष्यात केलेली एवढी चांगली वस्तू दुसरी नव्हती. रात्री भांडी घासून झाली की एकदा बघायची आणि झोपायची.

माझे धाकटे दीर जीप चालवतात. लोणावळ्याहून पवनानगरकडे धरणावर तंबूत राहायला जाणारी माणसं नेतात-आणतात. माझ्या मोबाइलचा रिचार्ज तेच मारतात. रिचार्ज मारताना त्यांना फोटो दिसला. मला ते काही बोलले नाहीत.

चार-आठ दिवसांनी संध्याकाळी जीप दारात थांबली. दिरांच्या मागून एक साहेब उतरले, पुण्याचे. अंगावर पानाफुलांच्या रंगाचे कपडे, गळ्यात दुर्बीण. खांद्यावरच्या बॅगेत बाईंच्या कॅमेऱ्याच्या दुप्पट लांब नळी.

"ह्या आमच्या वहिनी," दीर म्हणाले. "यांनीच काढलाय फोटू."

"नमस्कार ताई," साहेब म्हणाले. "कमाल केलीत तुम्ही. कधी जायचं मग आपण? तुमच्या दिरांकडे मी पैसे देऊन ठेवलेत."

मी दिरांकडे बघितलं. ते जीपच्या टायरकडे बघत होते.

"वहिनी लाजाळू हायेत, साहेब. दाखवतील. घाई नको."

साहेब हात जोडून गेले. मग कळलं ते असं. दिरांनी पाठवलेला फोटो बघून साहेबांनी घरटं दाखवण्याचा इसार दिला होता, माझ्या नावानं, माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. आणि दिरांनी त्यातून गाडीचं पासिंग करून घेतलं होतं. पैसे आरटीओच्या खिडकीतून आत गेले होते. ते काही परत येणार नव्हते.

"एक झाड तर दाखवायचंय," दीर म्हणाले. "तुमाला काय झाडाचं भाडं पडतंय व्हय?"

माझे मालक नवलाख उंबऱ्याला कंपनीत कंत्राटावर आहेत. कंपनीची बस पकडायला ते पहाटे निघतात, आले की जेवून झोपतात. त्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "मला इचारलं होतंस का रं?" दीर म्हणाले, "तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हनला असतास." मालकांनी भाकरीचा तुकडा मोडला. 

मी चालढकल केली. पोट दुखतंय म्हटलं, बाईंकडे पाहुणे आहेत म्हटलं. तेव्हा दिरांनी साहेबांना धरून ठेवायला वेगळाच उपाय काढला. आमच्या वस्तीच्या कडेला आंब्यावर शिक्र्याचं घरटं होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, कारण शिक्रा सरडे धरून आमच्या पत्र्यावरूनच जात असे. दिरांनी साहेबांना तिकडे नेलं. मी विहिरीवरून येत होते. हंडा कमरेवर घेऊन थांबले.

साहेबांनी तिपाई लावली, नळीतून बघितलं. मग दिरांना म्हणाले, "पानं मधे येतायत. जरा खिडकी करून घेऊ."

मला वाटलं कुठल्या घराची खिडकी. दीर कोयता घेऊन झाडावर चढले आणि घरट्यापुढच्या फांद्या तोडायला लागले. एक, दोन, मग साहेबांनी खालून हात केला, अजून एक. मादी झाडाभोवती किंचाळत फिरत होती. फांद्या खाली पडल्या आणि वर काटक्यांचं घरटं उघडं झालं. आत पांढरी पिसं असलेली पिलं, भर उन्हात. साहेब समाधानानं फोटो काढत बसले. ते काही दुष्ट नव्हते. मधेच त्यांनी बिस्किटाचा पुडा उघडून वस्तीतल्या पोरांना वाटला.

हंडा माझ्या कमरेवरच होता. मी काही बोलले नाही. बोलायचं असतं तर काय, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

दुपारपर्यंत पिलं चोची उघडून धापा टाकत होती. मादी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून बसली. भुकेली झाली की उठायची. ती उठली तेव्हाच कावळे आले. त्यांना इतके दिवस घरटं दिसत नव्हतं. आता रस्त्यावरून चालणाऱ्यालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली एक पाय आणि थोडी पिसं होती. दिरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कावळ्याची जातच तसली."

त्या दिवसापासून मला खरी भीती लागली. घळीतलं घरटं कोणी शोधलं तर तिथंही खिडकी होणार. आणि शोधायला फार काही लागत नव्हतं. खाली बघितलं की पांढरे शिंतोडे, ते दिसले की मान वर. मला कसं सापडलं होतं? तसंच.

मग मी रोज सकाळी वाट सोडून घळीत उतरायला लागले. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. हातानं वाळका पाला ओढून पांढऱ्यावर पसरायचा, खाली पडलेली शेपूट, पिसं, हाडं गोळा करून ओढ्याच्या दगडाखाली ढकलायची. दिवसभर लोकांची फरशी चकचकीत करायची आणि इथं मात्र घाण झाकायची, असं माझं चाललं होतं. पाला असा टाकायचा की टाकलेला वाटू नये. ओंजळीनं टाकला तर ढीग दिसतो. उंचावरून सोडायचा, मग तो आपला आपण पडतो. हे करताना माझे कान मागं असायचे. पानांवरून सरडा पळाला तरी मी हातातला पाला सोडून उभी राहायची. वरून पक्षिणीची बारीक शीळ यायची. ती मला ओरडत होती की आणखी कशाला, कळत नव्हतं. मनात तिला म्हणायची, बाई, मी चाललेच.

मोबाइल वाजला की हातातलं भांडं ठेवून मी तो पदराखाली दाबायची. साहेबांचा नंबर आता मला पाठ झाला होता. उचलत नसे. मग दिरांना फोन जाई आणि दीर दारात येऊन उभे राहत. "वहिनी, मानूस चांगला हाय तोवर चांगला हाय," असं म्हणून जात.

एका सकाळी मी पसरलेला पाला विसकटलेला दिसला. रानडुकरानं उकरला असेल असं मनाला समजावत होते, तेवढ्यात ओढ्याच्या काठी गुटख्याची रिकामी पुडी दिसली. दिरांचा छाप तोच. त्यांनी मला कुठं वाट सोडताना बघितलं असणार. पुडी झाडापासून लांब होती, म्हणजे नेमकं झाड त्यांना कळलं नव्हतं. पण घळ कळली होती.  घरट्याकडे न बघता मी खाली वाकले, रानभाजी खुडते आहे असं दाखवत दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथल्या एका रिकाम्या झाडाखाली पोटाशी पिशवी धरून बसून राहिले. कोणी बघत असेल तर त्याला वाटावं, हेच झाड. कोणी बघत होतं की नाही, मला माहीत नाही. चांगलं ऊन वर येईपर्यंत मी हलले नाही.

वाटेवर आले तर साहेब उभे. एकटे.

"ताई, थांबा जरा."

मी थांबले. पिशवी छातीशी धरली. ती लपवायला नको होती, पण हात आपोआप गेले. साहेबांची नजर तिकडे गेली.

"कॅमेरा आहे ना त्यात? कोणाचा?"

"बाईंचा."

"कोण बाई?"

 मी बंगल्याच्या दिशेनं बोट केलं. तिथून झाडंच दिसत होती.

"एवढा महाग कॅमेरा घेऊन तुम्ही रानात फिरता. परवानगी वगैरे आहे? मी काही म्हणत नाही. पण उद्या कोणी कंप्लेंट केली तर विचारायला येतात लोक."

ज्या प्रश्नाला मी महिनोन्महिने घाबरत होते तो समोर आला होता.  गंमत अशी की तो आल्यावर आता पुढं येण्यासारखं काही उरलं नाही, असंही वाटलं.

"तुमी खिडकी करता," मी म्हटलं.

"काय?"

"फांद्या तोडता. पिलं मेली."

साहेब खरंच ओशाळले. "ती तुमच्या दिरांनी जरा जास्त तोडली. मला पण वाईट वाटलं. यावेळी पानालासुद्धा हात लावणार नाही. तुमच्यासमोर बसतो, फोटो काढतो, जातो. मग तर झालं?"

ते खरंही बोलत असतील. पण ते बसतील तेव्हा दीर शेजारी उभे असतील. साहेबांचा फोटो दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर जाईल, तो तिसऱ्याला दाखवेल आणि दिरांच्या जीपमधून माणसं येत राहतील. त्यातला प्रत्येक जण चांगलाच असेल. बिस्किटं वाटणारा.

"न्हाई," मी म्हटलं.

"नाही काय?"

"न्हाई दाखवायचं."

"मग माझे पैसे?"

"देते."

"कधी?"

"थोडे थोडे. पन देते."

 साहेब हसले. "बरं आहे. बाज तुमच्या बापाचा असल्यासारखं चाललंय." आणि वाटेनं खाली गेले. मी बंगल्यावर पोचले तेव्हा माझा परकर घामानं पायांना चिकटला होता. मागच्या दाराच्या पायरीवर थोडा वेळ बसले आणि आत गेले.

बाईंना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एवढं सलग बोलले असेन. त्या म्हणाल्या, "पैसे मी देते. आत्ता फोन लाव." मी नको म्हटलं. त्यांना राग आला. पण मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. बाईंनी पैसे दिले की साहेब आणि दीर दोघांनाही कळणार की कॅमेरेवाल्या बाईला घरटं ठाऊक आहे, आणि उद्या ते माझ्या दारातून उठून त्यांच्या दारात जाणार. एकट्या बाई, डोळ्यांनी अशा. मी म्हटलं, "माझ्या नावावर घेतलेत. माझ्याच नावावर फिटू देत."

"मग आता फोटो काढू नकोस," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "कॅमेरा इथंच राहू दे. तू नुसती बघ आणि येऊन सांग."

घरी दिरांनी तमाशा केला. "पाखरासाठी घर गहाण टाकाय निघाल्यात वहिनी. उद्या मुंगीसाठी शेत विकतील."

मालक पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. "पैसं तू खाल्लंस, फेडायचं तिनं, वर बोलनार बी तूच."

"पासिंग न्हाई झालं असतं तर गाडी बंद. आईला दवाखान्यात त्याच गाडीतनं नेतो का न्हाई मी?"

 खरं होतं ते. मी दोघांना वाढलं आणि बाहेर येऊन बसले.

शनिवार-रविवारी पवनानगरच्या बाजूला तंबूवाल्यांकडे चुलीवरच्या भाकरी थापायला बाया लागतात. मी ते काम धरलं. मालक सुट्टीच्या दिवशी मला मोटारसायकलवर सोडायला यायला लागले. बोलत काही नसत, पण यायचे. तिथं रात्री धरणाच्या काठावर माणसं गाणी लावायची आणि मी धुरात बसून भाकरीला बोटं मारत कान टवकारायची. कोणाच्या बोलण्यात बाज, घरटं, फोटो असे शब्द आले की तव्यावरची भाकरी करपायची.

रानात जाणं बदललं. आता मी बंगल्याकडून वरून घळीत उतरे, कधी दुपारी, कधी काम संपल्यावर, रोज वेगळ्या वेळी. पाला झाकायचा, लांबून एक नजर वर टाकायची आणि निघायचं. बाई वाट बघत असायच्या. टीव्ही बंद, फोटो नाही, नुसती मी उभी आणि त्या खुर्चीत तिरक्या.

"आज?"

"एकच पिलू दिसलं. उभं राहतंय. पंख मारतंय जागच्या जागी."

"डोकं?"

"अजून पांढरी लव हाय."

असं करत वैशाख गेला. मग एका दुपारी वर बघितलं तर घरटं रिकामं. खाली पांढरं ताजं नव्हतं. शीळ नव्हती. मी धावत झाडाभोवती फिरले. तोडलेली फांदी शोधली, कोयत्याचा घाव शोधला, पिसं शोधली. हातानं सगळा पाला उपसला, मीच इतके दिवस घातलेला. कावळ्यांनी नेलं असेल, दिरांनी नेलं असेल, कोणी पोत्यात घालून नेलं असेल. रडू येत होतं आणि आवाजही करता येत नव्हता.

मग ओढ्यापलीकडच्या एका दगडावर पांढरा शिंतोडा दिसला. ओला. मी तिथं मान वर केली. ते पिलू फांदीवर बसलं होतं, आईएवढं झालेलं, अंग पिंगट, एक पाय पोटात ओढून. दोन्ही पंख धडधाकट. पलीकडच्या झाडावरून आईनं शीळ घातली. ते अडखळत उडालं आणि तिच्या खालच्या फांदीवर धप्पकन उतरलं.

त्या दिवशी बंगल्यावर पळत जाऊन मी कॅमेरा मागून घेतला. घळीत परत येऊन एकच फोटो काढला. बरा आला.

"डोळा?" बाईंनी विचारलं.

"फिका. धुरकट पिवळा."

"पोट?"

"पट्टे न्हाईत अजून. थेंब हायेत, शाईचे पडल्यासारखे."

"पट्टे येतील," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चहा ठेवायला सांगितलं.

हे पक्षी पुन्हा त्याच झाडावर येतात, असं बाई सांगतात. म्हणून ते झाड कोणतं हे मी इथंही लिहीत नाही. हा कागद कोणाच्या हाती लागेल, काय सांगावं.

साहेबांचे आधीचे पैसे मालकांच्या मोबाइलवरून जात होते. शेवटचे मात्र भाकरीचे रोख मिळाले होते आणि ते मला माझ्या हातानं द्यायचे होते. दिवाळी होऊन थंडी पडली होती. लोणावळ्याच्या एसटी स्टँडबाहेर जीपा लागतात तिथं साहेब आले होते, दिरांच्याच गाडीनं धरणावर जायला. मी पदरात बांधलेली नोटांची घडी सोडली आणि त्यांच्या हातात दिली. दीर गाडीतच बसून राहिले, आरशातून बघत.

साहेबांनी नोटा मोजल्या. "मला वाटलं नव्हतं तुम्ही द्याल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "आता तरी सांगा. कुठं होतं?"

 मी मान तेवढी हलवली, नाही म्हणून.

 त्यांनी नोटा पाकिटात ठेवल्या आणि दिरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या वहिनींचे सगळे पैसे फिटले. काही राहिलं नाही."

मी पदराचं चुरगळलेलं टोक चोळून सरळ केलं आणि बंगल्याकडे कामाला निघाले.